सांधेदुखीमागे लपलेलं इन्फेक्शन आहे का, हे कसं शोधायचं

सांधे सुजलेत, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) वाढलाय, डॉक्टर म्हणाले ऑटोइम्युन आहे, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतंय, आणि औषधं बरीच वर्षं चालतील. मग रात्री झोप येत नाही म्हणून फोनवर शोधत बसलं की अर्ध्या तासात कुणीतरी भेटतंच जो सांगतो की हे सगळं शरीरात दडून बसलेल्या बॅक्टेरियामुळे होतं, डॉक्टर लोक ते शोधतच नाहीत, अमुक अँटिबायोटिक दोन वर्षं घ्या आणि बाकीच्या गोळ्या फेकून द्या. आता गंमत अशी की या पूर्णपणे थापा नाहीत. काही जणांच्या सांध्यांमागे खरंच इन्फेक्शन असतं, त्यातल्या काहींचं सापडतं आणि बरंही होतं. पण हे 'काही जण' कोण ते ओळखायची एक पद्धत आहे, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त काम पेशंटलाच करावं लागतं, लॅब त्यानंतर येते. ते काम कसं करायचं ते लिहितोय.

थांबायचं नाही अशी एक परिस्थिती

एकच सांधा एक-दोन दिवसांत अचानक फुगला, लाल झाला, तापलाय, हलवता येत नाही, सोबत ताप आहे किंवा थंडी वाजतेय, तर हे वाचणं सोडा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. यात जंतू थेट सांध्यात शिरलेला असतो, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि आतली कुर्चा काही दिवसांत कायमची खराब होऊ शकते. ज्यांना आधीच संधिवात आहे, डायबेटिस आहे, स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारं औषध) चालू आहे, सांधा बदललेला आहे, त्यांना हा धोका जास्त, आणि त्यांना ताप येईलच असंही नाही, त्यामुळे 'नेहमीचंच दुखणं वाढलंय' म्हणत दोन-तीन दिवस घरीच जातात. बाकी सांधे शांत आणि एकच पेटलाय, ही खूण लक्षात ठेवा. आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊन निघू नका, सांध्यातलं पाणी काढायच्या आधी ती पोटात गेली की कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची टेस्ट) बऱ्याचदा जंतू उगवत नाही आणि मग डॉक्टरला अंदाजाने औषध द्यावं लागतं.

आता जे महिनोन्महिने चाललंय त्याबद्दल.

लपलेलं म्हणजे नक्की कुठे?

हे नीट कळलं नाही तर पुढचा सगळा गोंधळ होतो, म्हणून जरा वेळ देऊ. 'इन्फेक्शनमुळे सांधे' या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चारही ठिकाणी औषधाचं गणित वेगळं आहे.

पहिली म्हणजे जंतू सांध्यात खरोखर आहे पण साध्या कल्चरमध्ये दिसत नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा यातला नेहमीचा. लघवीच्या मार्गात किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी इन्फेक्शन होतं, कित्येकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, आणि हा जंतू पेशींच्या आत बसून सांध्याच्या अस्तरापर्यंत पोचतो, तिथे अर्धवट सुस्तावलेल्या अवस्थेत पडून राहतो. पीसीआरने (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) त्याचा डीएनए आणि आरएनए दोन्ही तिथे सापडलेत, म्हणजे नुसता मेलेला कचरा आहे असं म्हणता येत नाही. गोचिडीतून येणारा बोरेलिया, व्हिपल डिसीजचा ट्रोफेरिमा व्हिपलेई आणि टीबीचा जंतू हेही सांध्यात पोचतात आणि साध्या कल्चरला चकवतात.

दुसरी, जंतू भलतीकडेच आहे आणि सांधे फक्त त्याची प्रतिक्रिया म्हणून सुजलेत. टीबी फुफ्फुसात किंवा गाठीत, आणि सांध्यातलं पाणी मात्र स्वच्छ. फ्रान्सच्या अंतोनिन पाँसे या सर्जननी १८९७ मध्ये हे लिहून ठेवलं, आजही त्याला पाँसे डिसीज म्हणतात. टीबीची औषधं सुरू केली की सांधे आपोआप उतरतात. हृदयाच्या झडपेवरचं इन्फेक्शनसुद्धा असं सांधेदुखी घेऊन येतं, बारीक ताप आणि घटतं वजन सोबत.

तिसरी, जंतू येऊन गेलासुद्धा, भांडण मागे राहिलं. पोट बिघडवणारे साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया यांच्यानंतर एक ते चार आठवड्यांत सांधे सुजतात, त्याला रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात (वरच्या क्लॅमिडियानंतरच्या सांध्यांनाही हेच नाव देतात). एचएलए बी२७ हे जीन असलेल्यांना ते जास्त होतं आणि जास्त चिकटतं. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत ते बसतं, पण थोड्यांचं सहा महिने उलटले तरी राहतं आणि मग त्याला क्रॉनिकच म्हणायचं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर येणारा रुमॅटिक फिव्हर याच घरातला, फक्त तो हृदयालाही धरतो.

चौथी गोष्ट अजून संशोधनातली आहे, पण मला सगळ्यात रंजक तीच वाटते. हिरड्यांच्या जुनाट आजारात सापडणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू स्वतःचं एक एन्झाइम बाळगतो, जे प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतं. आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या ऑटोइम्युन संधिवातात जी अँटी-सीसीपी टेस्ट करतात ती नेमकी अशा सिट्रुलिन झालेल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीची. हिरड्यांमधलाच दुसरा एक जंतू, अॅग्रेगॅटिबॅक्टर, आपल्या पांढऱ्या पेशी फोडून हेच घडवतो असं २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने दाखवलं. म्हणजे जंतू सांध्यात जातच नाही कदाचित, तो हिरडीत बसून शरीराला आपलीच प्रथिनं परकी वाटायला लावतो. कदाचित हा शब्द जपून वापरतोय, कारण संबंध आहे हे दिसतं, पण हिरड्यांनीच आजार सुरू केला हे माणसात सिद्ध झालेलं नाही.

आता बघा, पहिल्या दोन प्रकारांत अँटिबायोटिकला अर्थ आहे. तिसऱ्यात, रुमॅटिक फिव्हर सोडला तर, मारायला समोर बहुधा कुणी उरलेलंच नसतं. चौथ्यात गोळीपेक्षा डेंटिस्टच्या खुर्चीचा उपयोग जास्त. म्हणून 'माझ्यात इन्फेक्शन आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे, 'असेल तर कुठे आणि अजून जिवंत आहे का' हा खरा.

तारखांचा कागद

डॉक्टरकडे जायच्या आधी एक कोरा कागद घ्या. लॅबचे रिपोर्ट नंतर, आधी हा. सांधे पहिल्यांदा सुजले तो आठवडा मधोमध लिहा आणि तिथून मागे जा, निदान तीन महिने. जुलाब, घसा, लघवीची जळजळ, पांढरं जाणं वाढलं होतं का, अंगावर पुरळ, डोळा लाल, तोंड आलं होतं, दाताचं काही काम, नवीन जोडीदार, जंगलात किंवा गवतात फिरणं, जनावरांशी संबंध, न तापवलेलं दूध किंवा त्याचं चीज, घरात कुणाला टीबी. तारखा आठवत नसतील तर फोनमधले फोटो, औषधाची बिलं, ऑफिसच्या सुट्ट्या यावरून लागतात.

भरलेला कागद साधारण असा दिसतो:

मार्च दुसरा आठवडा: प्रवासातून आल्यावर चार दिवस जुलाब, ताप, एकदा रक्त पडलं. गोळ्या घेतल्या, नाव आठवत नाही.
मार्चअखेर: उजवा डोळा लाल, उजेड सहन होत नव्हता. ड्रॉप्सनी गेला.
एप्रिल पहिला आठवडा: डावा गुडघा सुजला. मग उजवी टाच, सकाळी पाय टेकवत नाही.
एप्रिलअखेर: पायाचं तिसरं बोट मुळापासून नखापर्यंत अख्खं सुजलं.
मे: गुडघ्यात स्टिरॉइड इंजेक्शन. तीन आठवडे बरं, परत सूज.

हा कागद बघितला की जाणकार डॉक्टर दुसऱ्या ओळीवर थांबेल. जुलाब, मग डोळा, मग एका पायाचा गुडघा आणि दुसऱ्याची टाच, अख्खं बोट, आणि मधलं अंतर दोन-तीन आठवड्यांचं. हे रिअॅक्टिव्हचं चित्र आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या माणसाकडे गेलेली असते, जुलाब फॅमिली डॉक्टरकडे, डोळा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, गुडघा हाडांच्या, आणि एकालाही बाकीचं माहीत नसतं. इन्फेक्शन 'लपलेलं' राहतं ते बऱ्याचदा असं, चार फायलींमध्ये वाटलं जाऊन.

उलट हातांच्या बोटांचे छोटे सांधे, दोन्ही बाजूंचे, हळूहळू काही महिन्यांत सुजत आलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, अँटी-सीसीपी चांगलीच पॉझिटिव्ह आहे, तर ते रुमॅटॉइडचं चित्र, तिथे मागे सुटलेलं इन्फेक्शन सापडायची शक्यता कमी. मग शोधाशोध हिरड्यांपुरती आणि टीबीपुरती ठेवली तरी चालतं.

एक नाजूक गोष्ट. क्लॅमिडियाबद्दलचे प्रश्न घरचे सोबत असताना कुणी खरं सांगत नाही, आणि बरेच डॉक्टरही घरच्यांसमोर विचारत नाहीत. तेव्हा सरळ म्हणा, 'मला पाच मिनिटं एकट्याला बोलायचंय.' डॉक्टरला यात काही वेगळं वाटत नाही.

कुठल्या खुणेवर कुठे बघायचं

लघवीचा किंवा लैंगिक संबंधांचा धागा असेल तर क्लॅमिडियाची टेस्ट लघवीच्या पहिल्या धारेवर किंवा योनीतल्या स्वॅबवर होते, नॅट नावाची, जी जंतूचं जनुकीय द्रव्य शोधते. रक्तातली क्लॅमिडिया आयजीजी (उशिरा येऊन टिकून राहणारी) अँटिबॉडी करून घेण्यात फारसा अर्थ नाही, ती जुन्या इन्फेक्शननंतरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. नॅट पॉझिटिव्ह आली तर जोडीदाराचीही ट्रीटमेंट सोबतच, नाहीतर तेच परत फिरून येतं.

पोटाचा धागा असेल तर शौचाचं कल्चर करता येतं, पण सांधे सुजेपर्यंत जंतू बहुधा गेलेला असतो, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टने काही ठरत नाही. तिथे तुमचा कागदच पुरावा.

गोचीड हा धागा फक्त ज्या भागात लाइम डिसीज (वर आलेल्या बोरेलियाचा आजार) आहे तिथे, म्हणजे उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाचा उत्तरेकडचा पट्टा, तिथे राहिलेल्या किंवा फिरून आलेल्यांसाठी. या आजाराची गोष्टच आपल्या विषयाची आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या आसपास एकाच भागात कितीतरी मुलांना ज्युव्हेनाइल रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं निदान झालं, आयांना ते पटेना, त्यांनी आरोग्य खात्याचं दार ठोठावलं, मग अॅलन स्टीअर यांनी तपास केला आणि पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत जंतू सापडला, ज्याला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी. लाइममध्ये बहुधा एक गुडघा प्रचंड फुगतो आणि फुगण्याच्या मानाने दुखतो कमी. टेस्ट दोन टप्प्यांची असते. सांधे धरेपर्यंत बरेच महिने गेलेले असतात, म्हणून तोवर आयजीजी ठळक पॉझिटिव्ह यायलाच हवी, नुसती आयजीएम (सुरुवातीला येणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक खोटी असते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी खूप लोकांचे पैसे आणि पोट वाचेल.

कच्चं दूध, जनावरं, येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबरेच्या खाली एका बाजूला दुखणं, असं असेल तर ब्रुसेला, हा जनावरांकडून येणारा जंतू. यात ब्लड कल्चर पाठवताना लॅबला शब्दाने सांगावं लागतं की ब्रुसेलाचा संशय आहे, कारण तो हळू उगवतो आणि लॅबमधल्या माणसालाही लागू शकतो. औषध निदान सहा आठवडे, दोन औषधं मिळून, मध्येच सोडलं तर उलटतो.

टीबीबद्दल एकच सांगतो, एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला, फार लाल नाही, फार गरम नाही, दुखणं मध्यम, आजूबाजूचे स्नायू मात्र बारीक होत चाललेत, तर पाण्यापेक्षा अस्तराचा तुकडा काढून तपासलेला बरा. साध्या पाण्यात हा जंतू बऱ्याचदा हाती लागत नाही आणि कल्चरला काही आठवडे लागतात.

व्हिपल दुर्मिळ आहे, खूपच. तरी सांगतो कारण तो अगदी शीर्षकातला आजार आहे. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये पहिल्यांदा वर्णन केला, त्याचा जंतू लॅबमध्ये टिकवून वाढवायला २००० साल उजाडलं. बहुतेक मध्यमवयीन पुरुष, सांधे येऊन-जाऊन सुजतात, आरए फॅक्टर (रुमॅटॉइडसाठी बघतात ती आणखी एक अँटिबॉडी) आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह, आणि पोटाचे त्रास, वजन घटणं हे कित्येक वर्षांनी येतं. तोवर त्याला सीरोनिगेटिव्ह (म्हणजे या टेस्ट निगेटिव्ह असलेला) आर्थ्रायटिस म्हणून औषधं चालू असतात. खूण अशी की बायोलॉजिक सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी माणूस खालावत जातो. दोन-तीन बायोलॉजिक फेल गेलेल्या अशा पेशंटने 'व्हिपलचा विचार केलाय का' एवढं विचारायला हरकत नाही. लाळ आणि शौचाच्या पीसीआरने सुरुवात करतात, मग लहान आतड्याचा तुकडा.

हिरड्या तर सगळ्यांनीच बघायच्या. घासताना रक्त येतं, हिरडी दातापासून सुटलीय, दात लांब दिसायला लागलेत, तोंडाला वास येतो, यातलं काहीही असेल तर डेंटिस्टला सांगा की मला सांध्यांचा आजार आहे, पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) मोजून द्या. तो मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळी प्रत्येक दाताभोवती हिरडीच्या आत सहा जागी टेकवतो आणि आकडे सांगत जातो, तीनपर्यंत ठीक, चार आणि पुढे म्हणजे खड्डा पडलाय, आणि सळी काढल्यावर रक्त आलं तर तिथे सूज चालू आहे. खोल सफाई केल्यावर सांध्यांचा त्रास कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही दिसलं. मी तरी म्हणेन करून घ्या, कारण सांध्यांना फायदा झाला नाही तरी दात वाचतात, आणि शोधाशोधीच्या या सगळ्या यादीत तोटा नसलेली हीच एक गोष्ट आहे. तंबाखू आणि सिगारेट सोडणं याच खात्यात धरा, हिरड्या आणि रुमॅटॉइड दोन्हींचा धोका तीच वाढवते.

सांध्यातलं पाणी

सांधा फुगलेला असेल तर शंभर रक्ताच्या टेस्टपेक्षा त्यातलं दोन चमचे पाणी जास्त सांगतं, पण बरेच लोक सुईच्या भीतीने नाही म्हणतात. गुडघ्याचं असेल तर आडवं झोपवतात, वाटीच्या कडेने जागा चाचपून खूण करतात, अँटिसेप्टिकने दोनदा पुसतात, बधिर करतात, आणि सुई आत गेल्यावर सिरिंज भरायला लागते. तेव्हा मान वळवू नका, बघा. निरोगी पाणी फिकट पिवळं आणि इतकं स्वच्छ असतं की सिरिंजच्या पलीकडची अक्षरं वाचता येतात, आणि थेंब सोडला तर तार धरतो. सुजलेल्या सांध्यातलं गढूळ असतं, अक्षरं पुसट होतात, थेंब पाण्यासारखा टपकन पडतो. पू असेल तर कळतोच.

यातून तीन गोष्टी मागायच्या: पेशींची संख्या, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि कल्चर, आणि क्रिस्टल (सांध्यात साठणारे बारीक खडे). एका घन मिलिमीटरमध्ये दोन हजारांच्या खाली पेशी असतील तर झिजेचं दुखणं जास्त संभवतं, त्याहून जास्त असतील तर सुजेचा आजार, पन्नास हजारांच्या वर गेल्या की जंतूचा संशय पक्का होत जातो, पण हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. क्रिस्टल मागायचे कारण गाउटही लाल, गरम सांधा देतो आणि तो इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक खाणारे लोक आहेत. आणि हो, सांध्यात स्टिरॉइड टोचायचं ठरलं असेल आणि जंतूचा जरासाही संशय असेल तर आधी पाणी तपासायला जाऊ दे, इंजेक्शन रिपोर्टनंतर.

रक्ताच्या टेस्टबद्दल थोडक्यात. सीआरपी आणि ईएसआर सूज आहे एवढंच सांगतात, कशामुळे ते नाही. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे रुमॅटॉइडच असं नाही, हिपॅटायटिस सी, झडपेचं इन्फेक्शन, टीबी यातही तो पॉझिटिव्ह येतो, म्हणजे कधीकधी तोच लपलेल्या इन्फेक्शनची चिठ्ठी असतो. एचएलए बी२७ हा स्वभाव सांगतो, आजार नाही. चिकनगुनिया, पार्व्हो आणि हिपॅटायटिस बी हे व्हायरस आहेत, बॅक्टेरिया नाहीत, पण सांधे हुबेहूब रुमॅटॉइडसारखे सुजवतात, तेव्हा त्यांचीही विचारणा करून ठेवा, अँटिबायोटिकचा तिथे उपयोग शून्य. आणि रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवून 'हे बघा हलतायत' म्हणणारे, किंवा एकाच पॅकेजमध्ये चाळीस जंतूंच्या अँटिबॉडी करून देणारे, यांच्या दारात जाऊ नका. चाळीस अँटिबॉडी केल्या तर दोन-चार पॉझिटिव्ह येणारच, आयुष्यात कधी ना कधी सगळ्यांना सगळं होऊन गेलेलं असतं.

अँटिबायोटिकचं काय मग

हा विचार नवा नाही. १९१० च्या सुमारास शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज वगैरे मोठे डॉक्टर सांगायचे की दातांत आणि टॉन्सिलमध्ये जंतूंचे अड्डे असतात आणि तिथून सांधे बिघडतात, मग लोकांचे धडधडीत चांगले दात आणि टॉन्सिल काढले गेले, सांधे होते तसेच राहिले, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत ती लाट ओसरली. त्याच विचारातून १९४० च्या आसपास स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी जंतू मारणारं सल्फा आणि सूज कमी करणारं सॅलिसिलेट एकत्र जोडून सल्फासालाझिन तयार करवून घेतलं. ते सांध्यांसाठी आजही रोज लिहून दिलं जातं, फक्त आता कुणी जंतू मारायला म्हणून देत नाही.

नंतर थॉमस मॅकफर्सन ब्राउन या अमेरिकन डॉक्टरांनी मायकोप्लाझ्मावर बोट ठेवलं आणि टेट्रासायक्लिन गटाची औषधं वर्षानुवर्षं द्यायला सुरुवात केली. इंटरनेटवर जो 'प्रोटोकॉल' फिरतो तो त्यांचा. याची तपासणी झालीच नाही असं सांगतात ते खरं नाही. १९९५ मध्ये मिनोसायक्लिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, २१९ रुमॅटॉइडचे पेशंट, ४८ आठवडे, सांध्यांची सूज ५४ टक्क्यांची उतरली आणि खोट्या गोळीवर ३९ टक्क्यांची. म्हणजे फायदा आहे, माफक. पण मिनोसायक्लिन जंतू मारण्याशिवाय कुर्चा खाणारी एन्झाइमही दाबतं, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे जंतू होता असं सिद्ध होत नाही. हाच मुद्दा खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन घेतल्यावर सांधे हलके वाटले म्हणणाऱ्यांना लागू आहे. शिवाय मिनोसायक्लिनने चक्कर येते, कातडी निळी-काळी पडू शकते आणि क्वचित औषधाने होणारा ल्युपस (आणखी एक ऑटोइम्युन आजार) होतो, ज्यात पुन्हा सांधेच दुखतात.

माझ्या मते सगळ्यात विचारात घेण्यासारखी चाचणी २०१० ची. क्रॉनिक रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिसचे ४२ पेशंट, सगळ्यांच्या रक्तात किंवा सांध्यात पीसीआरने क्लॅमिडिया सापडलेला, आणि सहा महिने दोन अँटिबायोटिक एकत्र, रिफॅम्पिसिनसोबत डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन. ६३ टक्क्यांना फरक पडला, खोट्या गोळीवर २० टक्क्यांना. छोटी चाचणी आहे, त्यावर सगळ्यांना औषध द्यावं असं नाही, पण फरक बघा, इथे आधी जंतू शोधला आणि मग औषध दिलं. पोटाच्या इन्फेक्शननंतरच्या सांध्यांवर मात्र लांब अँटिबायोटिक दिल्याचा फायदा दिसत नाही.

लाइमच्या सांध्यांना तोंडाने साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात, बहुतेकांचं भागतं. उरलेल्यांना आणखी एखादा कोर्स दिल्यावरही सूज राहिली तर तिथे जंतू नसतो, प्रतिक्रिया असते, आणि मग मेथोट्रेक्सेटसारखी सूज दाबणारी औषधंच लागतात.

कोर्स ठरलाच तर सुरू करायच्या आधी डॉक्टरकडून चार गोष्टी लिहून घ्या: कुठल्या जंतूसाठी, कुठल्या पुराव्यावर, किती दिवस, आणि काय बदललं नाही तर थांबायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते नसेल तर कोर्स वाढतच जातो. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. उन्हात कातडी पटकन करपते. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका, पण गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधं निकामी होऊ शकतात, ते आधीच सांगा. कोर्समध्ये पाण्यासारखे जुलाब दिवसातून अनेकदा लागले तर गोळी पुढे रेटू नका, क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलची (अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढणारा जंतू) टेस्ट करायला लागते. आणि 'त्रास वाढला म्हणजे जंतू मरतायत, चालू ठेवा' असं कुणी महिनोन्महिने सांगत असेल तर ऐकू नका. तशी प्रतिक्रिया सिफिलिस किंवा ताज्या लाइममध्ये खरी असते, पण ती पहिल्या दिवसाभरात येते आणि जाते.

शोध चालू असताना

रुमॅटॉइडची औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू झाली तर सांधे सर्वात जास्त वाचतात. म्हणून सूज सहा आठवडे टिकली की रुमॅटॉलॉजिस्ट गाठा, आणि जंतूचा शोध आणि औषध दोन्ही समांतर चालू द्या. चालू असलेलं मेथोट्रेक्सेट 'आधी जंतू बघतो' म्हणून स्वतःहून बंद करू नका. बंद करावं लागतं ते खरं ताजं इन्फेक्शन सापडलं तर, आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

बायोलॉजिकचा विषय निघाला की मात्र जरा ब्रेक घेऊन तपासण्या पूर्ण करून घ्याच: टीबीसाठी छातीचा एक्सरे आणि मँटू (कातडीवरची टेस्ट) किंवा आयग्रा (रक्ताची टेस्ट), हिपॅटायटिस बी आणि सी, आणि दातांची सफाई त्याआधीच. झोपलेला टीबी टीएनएफ हे सुजेचं प्रथिन रोखणाऱ्या बायोलॉजिकनी जागा होऊ शकतो. आयग्रा पॉझिटिव्ह आली तर आधी चालू टीबी नाही याची खात्री करतात, मग प्रतिबंधाची गोळी सुरू करतात, आणि बहुधा ती निदान महिनाभर झाल्यावरच बायोलॉजिकचं पहिलं इंजेक्शन. तो महिना अंगावर काढायला लागतो म्हणून चिडचिड होते, तेव्हा त्या महिन्यासाठी सुजेवर काय घ्यायचं हे त्याच भेटीत विचारून निघा.